ग्रंथालयातील उमेदवारी

‘उमेदवारी’ हा शब्द अलीकडे निवडणुकीच्या अर्जापुरता उरला आहे. पूर्वी वकिलाच्या हाताखाली, सोनाराच्या पेढीवर किंवा छापखान्यात खिळे जुळवीत जी पहिली बिनपगारी वर्षे काढावी लागत, त्यांना उमेदवारी म्हणत. आता तिलाच इंटर्नशिप म्हणतात. शब्द बदलला तरी पगार आलेला नाही. ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवीसाठी शिकत असताना अशी चार महिन्यांची उमेदवारी आम्ही दोघांनी नाशिकमधील एका गजबजलेल्या सार्वजनिक वाचनालयात केली. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शाळेबाहेरचे शिक्षण’ या विषयावर लिहिण्यास सुचविले, तेव्हा आम्हां दोघांना एकाच वेळी तेच दिवस आठवले. म्हणून लेखही एकच लिहीत आहोत.

वाचकांपैकी जे आम्हांस ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, आमच्यापैकी एक रनाळ्याचाच, घरी अहिराणी बोलणारा. दुसरा धडगाव तालुक्यातील पाड्यावरचा, मातृभाषा पावरी. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही आपल्या निवासी शाळेत एकाच खोलीत राहिलो. त्या काळी शाळेचे ग्रंथालय म्हणजे कार्यालयाच्या भिंतीला टेकलेली दोन लोखंडी कपाटे. किल्ली गुरुजींच्या खिशात असे आणि कपाटे रविवारी, सकाळची वंदना व न्याहारी आटोपल्यावर उघडत. कपाट उघडताच नेफ्थलिनच्या गोळ्यांचा जो वास येई, तोच पुष्कळ वर्षे आम्हांस ज्ञानाचा वास वाटत असे. रांगेत पुढे कोण, यावरून भांडणे होत. पुस्तक निवडण्याची मुभा नव्हती, हाती येईल ते घ्यावयाचे. त्यामुळे आमच्यापैकी एकाने सहावीतच शेळीपालनावरील पुस्तिका दोनदा वाचून काढली होती. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. त्या दोन कपाटांमागे गावोगाव फिरून पुस्तके मागणाऱ्या माणसांचे श्रम होते, हे नंतर कळले.

नंदुरबारहून साक्री, सटाणामार्गे एस.टी.ने नाशिकला पोहोचलो, ते दिवाळी नुकतीच उलटल्याचे दिवस होते. इकडे नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची पसरू लागली होती आणि तिकडे वाचनालयात दिवाळी अंकांची झुंबड उडाली होती. ‘मनोरंजन’कर्ते काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्या परंपरेचा भार प्रत्यक्ष खांद्यावर कसा येतो हे पहिल्याच दिवशी समजले. प्रत्येक अंकाला जाड पुठ्ठा लावणे, दोऱ्याने शिवणे, क्रमांक टाकणे, नोंद करणे आणि संध्याकाळी पाच वाजता देवघेव सुरू होताच ते सर्व काही मिनिटांत समोरून नाहीसे होताना पाहणे, असा तो उद्योग होता. दिवाळी अंकांची योजना घेणारे सभासद वर्षभर शांत, सौजन्यशील असतात; मात्र त्या दीड-दोन महिन्यांत हवा असलेला अंक शेजाऱ्याच्या हातात दिसला की त्यांची दृष्टी बदलते.

पहिले दोन आठवडे आम्हांला वाचकांसमोर बसविले नाही. ग्रंथपाल बाईंचे म्हणणे असे की, आधी पुस्तकांची ओळख हाताला झाली पाहिजे, डोक्याला नंतर होईल. परत आलेली पुस्तके जागेवर लावणे हे आमचे मुख्य काम. वर्गात हे दहा मिनिटांत शिकवितात. वर्गांक पाहावा, कपाट शोधावे, पुस्तक ठेवावे. प्रत्यक्षात साठ-सत्तर हजार पुस्तकांच्या वाचनालयात एक पुस्तक दोन खण उजवीकडे गेले की ते जवळजवळ हरवल्यातच जमा होते. नोंदवहीत ते असते, कपाटात ते असते आणि तरीही कोणाला ते मिळत नाही. मग कधीतरी वार्षिक गणतीत ते दुसऱ्याच विषयाच्या गर्दीतून अवचित वर येते. त्यामुळे जुने कर्मचारी कपाटासमोरून जाताना नुसती नजर फिरवूनही चुकीच्या जागी गेलेले पुस्तक ओढून काढीत. ही नजर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

नवीन पुस्तक आले की त्याचा विधीही असाच ठरलेला. दाखल नोंदवहीत नोंद, दाखलांक, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर शिक्का, मग देवक-चिठ्ठी, पाठीवर वर्गांकाचा कागद. याशिवाय प्रत्येक वाचनालयाचे एक गुप्त पान असते. ठरलेल्या त्या पृष्ठावर पुन्हा एकदा शिक्का व दाखलांक घालतात, म्हणजे कोणी पहिली पाने फाडून पुस्तक आपले म्हणून मिरवू लागला तरी खरा मालक सापडतो. आमच्या वाचनालयाचे गुप्त पान कितवे होते, हे येथे लिहिणार नाही.

गंमत अशी की वाचकांचीही गुप्त पाने असतात. संध्याकाळी कादंबऱ्या नेणाऱ्या बऱ्याच गृहिणी पुस्तक हाती घेताच एक ठरावीक पान उघडीत आणि लगेच ‘हे झालंय’ म्हणून परत ठेवीत. कोणी सतराव्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने बारीक वर्तुळ काढलेले असे, कोणी तेविसाव्यावर टिंब. एखाद्या जुन्या कादंबरीत अशी सात-आठ निरनिराळी चिन्हे आढळत. पुस्तकावर खूण करू नये, असा फलक भिंतीवर होता आणि ग्रंथपाल बाई त्या फलकाखालीच बसत. पण या चिन्हांविषयी त्या कधी कोणास काही बोलल्याचे आम्ही ऐकले नाही.

वर्गीकरणाची आमच्या दोघांचीही विशेष आवड. मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धत १८७६ सालची. मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक मिळतो आणि बौद्ध धर्माला २९४.३. वर्गात हा अंक आम्ही सहज लिहून घेतला होता. कपाटासमोर उभे राहिल्यावर निराळेच जाणवले. धर्माच्या दोनशेच्या घरात ड्यूईंनी बहुतेक सर्व खोल्या ख्रिस्ती धर्माला दिल्या आणि जगातील उरलेल्या धर्मांची २९० पुढच्या एका खोलीत दाटीवाटीने सोय लावली. अडीच हजार वर्षांच्या बौद्ध परंपरेला दशांश चिन्हानंतरची जागा आली. एकोणिसाव्या शतकातील एका अमेरिकन गृहस्थाला आपल्या गावातील कपाटे डोळ्यांसमोर होती, एवढाच त्याचा अर्थ. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली स्वतःची द्विबिंदू पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यामागे अशा अडचणींचाही अनुभव होता, असे आम्हांस वाटते. गंमत म्हणजे बाबासाहेबांचे ग्रंथ मात्र कोणत्याही पद्धतीत एका जागी राहत नाहीत. नाणेव्यवस्थेवरील प्रबंध अर्थशास्त्रात, जातीवरील लेखन समाजशास्त्रात, राज्यघटनेविषयीचे कायद्यात, धम्मावरील २९४.३ मध्ये. राज्य शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले समग्र लेखनाचे खंड तेवढे एकत्र राहतात. नाशिकच्या शाळांतील मुले काळाराम मंदिर सत्याग्रहावर प्रकल्प करण्यास येत. २ मार्च १९३० रोजी त्याच शहरात, वाचनालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर तो सुरू झाला होता. त्या मुलांसाठी आम्ही चार निरनिराळ्या कपाटांतून पुस्तके आणून एका टेबलावर मांडीत असू. ते काम आम्हांस फार आवडे.

तिसऱ्या आठवड्यात आम्हांस देवघेवीच्या मेजावर बसविले. सकाळी आठ वाजता दार उघडण्यापूर्वीच निवृत्त मंडळी पायरीवर उभी असत. कोणते वर्तमानपत्र प्रथम कोणी घ्यावयाचे, याचे त्यांच्यात अलिखित करार होते. अभ्यासिकेत तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससीची मुले-मुली डबा घेऊन येत आणि रात्री दिवे मालवेपर्यंत बसत. वर्षानुवर्षे तीच खुर्ची, तोच पंखा, आणि दर जाहिरातीबरोबर पुढे ढकललेले लग्न. वाचनालयातील सर्वांत शांत खोली ती आणि सर्वांत अस्वस्थही तीच.

मेजावर येणारे प्रश्न सहसा पूर्ण नसतात. ‘ते निळ्या कव्हराचं, त्यात ती बाई शेवटी माहेरी परत जाते ते,’ असे विचारले जाते. लेखकाचे नाव अर्धे, पुस्तकाचे नाव चुकीचे, आणि आठवण मात्र अगदी खरी. संगणकाला अशा प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. शेजारी बसलेल्या जुन्या सहकाऱ्यांना, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते यावयाचे. ‘शेवटी परत जाते की सुरुवातीला?’ एवढे विचारून ते उठत आणि पुस्तक घेऊनच येत.

आमची बोली आम्ही तेथे पहिले काही दिवस जपून, जवळजवळ लपवूनच ठेवली होती. प्रमाण मराठी आम्ही शाळेत चांगली कमावली होती आणि मेजावर ती नेटकेपणाने वापरीत होतो. एके दिवशी बहिणाबाई चौधरींची गाणी मागण्यास एक वयस्क गृहस्थ आले. कपाटातून पुस्तक आणताना आमच्यातील रनाळेकराच्या तोंडून एखादा स्वर निसटला असावा. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, ‘कोनता गावना शेतस?’ गाव सांगताच त्यांनी खुर्ची ओढली. मूळचे दोंडाईचाकडचे, नोकरीनिमित्त चाळीस वर्षे नाशिकला. त्यानंतर ते रोज वर्तमानपत्र वाचून झाले की आमच्या मेजापाशी दहा मिनिटे अहिराणी बोलून जात. ‘घरी आता कोणी बोलत नाही,’ असे ते एकदा मराठीत म्हणाले. पुढे या लेखात त्यांचे काम आहे, म्हणून त्यांना आम्ही बाबा म्हणत होतो हे सांगून ठेवतो.

वाचनालयाच्या मागील बाजूस एका इमारतीचे बांधकाम चालू होते. तेथील मजुरांची मुले पाणी पिण्यास आमच्या व्हरांड्यात येत. पाण्याला कोणी हरकत घेत नसे. त्यांतील अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा पाणी पिऊन झाल्यावरही थांबू लागला. आधी दारात, मग बालविभागाच्या उंबऱ्यावर, मग आत. आत बसून वाचण्यास सभासदत्व लागत नव्हते, मुक्तद्वार विभाग सर्वांनाच खुला होता. तो पाड्यावरच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेला, धडगावकडचा. मराठी वाचता येई, बोलण्यास लाजे. पावरीत बोलल्यावर मात्र थांबत नसे. महिनाभराने त्याने विचारले की पुस्तक रात्री नेता येईल का. दिवसा त्याला लहान बहिणीला सांभाळावे लागे; आई-वडील स्लॅबवर.

आम्ही त्याला अर्ज दिला. अर्जावर चार गोष्टी हव्या होत्या: अनामत, मासिक वर्गणी, कायमच्या पत्त्याचा पुरावा आणि शहरात राहणाऱ्या एखाद्या जुन्या सभासदाची शिफारस. अनामतीचे पैसे देण्यास त्याची आई तयार झाली. पत्ता म्हणून त्याने बोटाने खिडकीबाहेरची पत्र्याची खोली दाखविली. दादांनी अर्ज हातात घेऊन आमच्याकडे पाहिले. ‘तुमच्या ओळखीचा आहे का?’

‘ओळखीचा नाही. पण आमच्याकडचा आहे.’

दादांचे काही चुकत होते असे आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याने गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता, अ-ब-क-ड असे वर्ग आणि अनुदान दिले. पण मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालयासाठी वेगळा कर बसविला नाही. येथील बहुतेक सार्वजनिक वाचनालये लोकांनी स्थापिलेल्या संस्था चालवितात आणि त्यांचा प्रपंच अनुदान, वर्गणी व देणगी यांवर चालतो. कर्मचाऱ्यांचे वेतन किती तुटपुंजे, हे त्या क्षेत्रातील कोणासही विचारावे. पुस्तक गहाळ झाले की प्रश्न मेजावरच्या माणसाला विचारला जातो. दादांनी असे प्रश्न पुष्कळ ऐकले होते.

तरीही त्या दिवशी आम्ही दोघे त्या अर्जाकडे पाहत राहिलो, कारण एक गोष्ट आमच्या तोपर्यंत ध्यानातच आली नव्हती. दोन महिने आम्ही त्या वाचनालयाची पुस्तके उचलत, शिवत, शिक्के मारत होतो. पण त्या नियमाने आम्हीही सभासद होऊ शकत नव्हतो. आमचा कायमचा पत्ता रनाळे आणि धडगाव. नाशिकमध्ये आम्हांस ओळखणारा सभासद कोण? त्या मुलासाठी शिफारस लिहावी म्हटले तर आमच्या सहीला काही किंमत नव्हती.

सयाजीराव गायकवाड मूळचे याच नाशिक जिल्ह्यातील, मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बडोद्यास बोलावून मोफत वाचनालयांची व्यवस्था उभारली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी फिरविली जात. आपल्या नवापूरच्या सीमेपलीकडील सोनगड, व्यारा हा मुलूख त्याच संस्थानातला. आणि त्याच संस्थानाच्या राजधानीत १९१७ साली, संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहावयास जागा मिळाली नाही. पुस्तकांच्या पेट्या ज्या राज्यात दूरच्या खेड्यांपर्यंत पोहोचत होत्या, तेथे त्यांना पत्ता नव्हता. या दोन गोष्टी आम्ही निरनिराळ्या विषयांच्या वह्यांत लिहिल्या होत्या. त्या एकमेकींशेजारी आल्या त्या मेजावर.

ग्रंथपाल बाईंनी नियमांची पुस्तिका मागविली आणि शांतपणे वाचली. ‘कायमचा पत्ता म्हटलंय, शहरातला पत्ता म्हटलेलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘धडगावचा दाखला असेल तर चालेल. शिफारस मात्र हवी.’ मुलाच्या आईजवळ गाठोड्यात शिधापत्रिकेची प्रत होती. शिफारशीसाठी प्रथम बांधकामावरच्या मुकादमाला विचारले. तो सभासद नव्हता आणि होण्याची त्याची इच्छाही नव्हती. एवढ्यात वर्तमानपत्र घडी करून बाबा मेजापाशी आले. सर्व हकिगत त्यांनी अहिराणीतून ऐकली, खिशातून पेन काढले आणि विचारले, ‘एकच अर्ज आहे का?’ आम्ही गप्प राहिलो. ‘तुमचे दोघांचे कुठे आहेत?’

त्या दिवशी एकाच हस्ताक्षरात तीन शिफारशी लिहिल्या गेल्या. दादांनी तिन्ही अर्जांवर क्रमांक घातले आणि मुलाला पावती देताना ती हरवू नकोस असे दोनदा बजावले. अनामत दहा-दहाच्या नोटांत आली होती. दादांनी ती मोजली, मग मुलाकडून मोजून घेतली. मुलाने पहिले पुस्तक घेतले ते प्राण्यांच्या चित्रांचे. दुसरे विहीर कशी खणतात याविषयीचे. त्यावरून आम्हांस शेळीपालनाची पुस्तिका आठवली, पण येथे फरक असा की ते त्याने स्वतः निवडले होते.

त्यानंतर त्याने बरीच पुस्तके नेली. एकही उशिरा आले नाही. एका पुस्तकाला सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचे वेष्टन घालून आणले, तेव्हा दादांनी ते काढून न टाकता तसेच कपाटात ठेवले. होळीच्या आधी तो आईबरोबर आला. सातपुड्यात होळीला माणूस घरी असतोच. काठीच्या राजवाडी होळीचे नाव आपल्याकडे कोणास सांगावयास नको. काम संपले होते, मंडळी निघाली होती. त्याने शेवटचे पुस्तक मेजावर ठेवले, पावती काढली आणि अनामत परत मागितली. पावती चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली होती. पैसे त्याने मोजून घेतले. त्याचे सभासदपत्र नियमाप्रमाणे रद्द झाले आणि तो क्रमांक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलाला मिळाला.

आमची उमेदवारीही त्याच महिन्यात संपली. मेच्या सुटीत आम्ही रनाळ्यास आलो आणि शाळेच्या अनुमतीने दोन्ही कपाटे रिकामी केली. सर्व पुस्तकांची दाखल नोंदवही आता तयार आहे, वर्गांक घातले आहेत, आणि कपाटांची दारे बिजागरीतून काढून भांडारखोलीत ठेवली आहेत. प्रत्येक वर्गातील दोन विद्यार्थी आळीपाळीने देवघेव पाहतात. शिफारस लागत नाही. सुरुवातीला आठवडाभर वही कमी आणि गोंधळ जास्त झाला, पण आता सातवीच्या मुली दादांसारखीच नजर ठेवतात, असे वसतिगृह-अधीक्षकांनी कळविले आहे.

भांडारखोलीत अजून पुस्तकांच्या पाच पेट्या उघडावयाच्या आहेत. दिवाळीत आम्ही येऊ. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना चार दिवस देता येतील त्यांनी सोबत यावे, सुई-दोरा आणि पुठ्ठे आम्ही आणतो. पुस्तके भेट देणाऱ्यांना एकच विनंती की जुनी गाईडे व मागील वर्षांचे प्रश्नसंच पाठवू नयेत. पेट्यांपैकी दोन त्यांनीच भरलेल्या आहेत, असे वजनावरून वाटते.